बघून बघून खेळ येतो का?

नाताळच्या सुट्टीत नातवाशी माझं भांडण झालं. भांडण म्हणजे काय, तो शांतपणे बोलत होता आणि मीच चढ्या आवाजात. (छत्तीस वर्षं वर्गात बोलून आवाजाची पट्टी एकदा वर गेली की खाली येत नाही, असं आमच्या सौ.चं मत आहे.) मुद्दा होता बॅडमिंटनचा.

चिरंजीव चौदा वर्षांचे. पुण्यात राहतात. तिथे सकाळी साडेपाचला क्लासला जायचं म्हणून वर्षभर त्याच्या आईने त्याला अंथरुणातून ओढून काढलं. आता महिनाभरापासून तो जात नाही. इथे महाबळेश्वरला आला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, चल, आमच्या म्हाताऱ्यांच्या हॉलवर. डिसेंबरातली इथली सकाळ म्हणजे नाकाचा शेंडा आपला आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. तो पांघरुणातूनच म्हणाला, "आबा, तुम्ही या जाऊन. मी तोवर अॅक्सेलसनची मॅच बघतो. मी रोज दोन तास बघतो. माझा खेळ क्लासपेक्षा त्यानेच जास्त सुधारलाय."

मी म्हणालो, "बघून बघून खेळ येत असता तर या देशातला प्रत्येक माणूस तेंडुलकर झाला असता."

तो म्हणाला, "मग तुम्ही कशाला बघता?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी बघतो हे खरं. रात्री अकरापर्यंत बघतो. शिवाय "बघून बघून खेळ येतो का" हे वाक्य माझ्या तोंडून यापूर्वी एकदा निघालेलं आहे, चाळीसेक वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका मुलासमोर. मुलासमोर नव्हे, मुलीसमोर. त्या वेळी मी चुकलो होतो. ते पुढे सांगतो, कारण ते सांगायला मला जरा वेळ लागणार आहे.

आधी माझ्या स्वतःच्या खेळाबद्दल. तो मी कसा शिकलो? खरं सांगायचं तर नकलेची नक्कल करून.

वाईच्या कॉलेजात असताना आम्हाला एक गृहस्थ भेटले. कचेरीत कारकून होते, संध्याकाळी खेळायला यायचे. त्यांनी म्हणे मुंबईत नंदू नाटेकरांना खेळताना पाहिलं होतं, एकदाच. त्या एका दर्शनाच्या भांडवलावर ते आम्हाला 'नाटेकरांचा बॅकहँड' शिकवायचे. मनगट असं, कोपर असं, आणि चेहरा असा. हो, चेहरासुद्धा! आम्ही तो मनोभावे उचलला. मी आजही बॅकहँड मारताना थोडासा त्या कारकुनासारखा दिसतो, नाटेकरांसारखा नाही.

नाटेकर आपल्या सांगलीचे. जन्म १९३३ चा. तरुण पिढीला नाव माहीत नसेल म्हणून सांगतो. १९५६ साली मलायात सेलंगोर स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचं अजिंक्यपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. अर्जुन पुरस्कार सुरू झाला तो १९६१ साली, आणि बॅडमिंटनचा पहिलाच पुरस्कार त्यांना. २०२१ च्या जुलैत ते गेले. त्यांना खेळताना मी कधीही पाहिलं नाही. दूरदर्शनचा डबा आमच्या भागात पोचेपर्यंत त्यांची कारकीर्द संपलेली. माझ्या पिढीतल्या हजारो खेळाडूंचं असंच. जगातला चांगला खेळ म्हणजे वर्तमानपत्रातला एक काळपट फोटो आणि खाली दोन ओळी.

गंमत अशी की या खेळाचे पहिले नियम आपल्या पुण्याच्या छावणीत गोऱ्या साहेबांनी १८७३ च्या सुमाराला बांधले. पुढे इंग्लंडात बॅडमिंटन नावाच्या एका वाड्यावरून त्याला आजचं नाव पडलं. त्याआधी तिकडे तो 'पूना' म्हणून ओळखला जायचा. महाबळेश्वर ही साहेबांची उन्हाळी राजधानी, तेव्हा इथेही त्यांनी तो खेळला असणारच, आणि आमच्यापैकी कुणाचे तरी पणजोबा बाजूला उभे राहून झुडपात गेलेलं फूल उचलून देत असणार. (आम्ही शटलला फूलच म्हणतो. नातवाला याचंही हसू येतं.)

१९८० सालच्या मार्चमध्ये प्रकाश पदुकोण ऑल इंग्लंड जिंकले. अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला त्यांनी १५-३, १५-१० असं हरवलं. ही बातमी मला एसटीतून येणाऱ्या वर्तमानपत्रातून कळली. आकडे वाचून मी शाळेच्या आवारात मुलांना हा सामना वर्णन करून सांगितला. एकही टोला न पाहता! काय काय घातलं असेल त्यात मी, देव जाणे. पुढे कितीतरी वर्षांनी त्या सामन्याची चित्रफीत पाहायला मिळाली तेव्हा लक्षात आलं की मी सांगितलेला सामना तो नव्हेच. मी मुलांना स्मॅशचा पाऊस सांगितला होता. प्रत्यक्षात पदुकोणांनी किंगच्या स्मॅशलाच काम ठेवलं नव्हतं. फूल जाळीजवळ हळूच टाकायचं, मग मागच्या रेषेपर्यंत लांबवायचं, पुन्हा जाळीजवळ. उडी मारून हाणायची सवय असलेला माणूस उडी मारायला जागाच मिळत नाही म्हणून कावलेला.

आणि हेच पदुकोण! पोरवयात रुडी हार्तोनोचा खेळ पाहून त्यांनी स्वतःचा खेळ बदलला, अधिक आक्रमक केला, असं सांगतात. म्हणजे बघून खेळ बदलतो. मी नातवाला हे सांगितलं नाही. भांडणात आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच कशाला द्या?

असो. निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २००८ च्या दिवाळीत, मुलीकडे पुण्याला गेलो होतो. बालेवाडीला ज्युनियर मुलामुलींची जागतिक स्पर्धा चालू होती. सायना नेहवालने ती जिंकली हे सर्वांना ठाऊक आहे. मी एक दिवस जाऊन आलो. सतरा-अठरा वर्षांची पोरं, कुठकुठल्या देशांतली. मला वाटलं होतं की त्यांचे टोले बघून तोंडात बोट घालीन. तसं झालंही. पण घरी येताना बसमध्ये डोक्यात राहिला तो आवाज. बुटांचा. चुईं, चुईं, टप्. फटका मारून झाला की प्रत्येक पोरगं परत मधे यायचं, आणि समोरचा फटका मारायच्या अगदी आधी एक इवलीशी उडी घ्यायचं. उडी कसली, जागच्या जागी टाचा उचलणं. मग ज्या दिशेला जायचं तिकडे पाय आधीच निघालेले.

मी तीस वर्षं खेळत होतो आणि ही उडी मला कुणी सांगितलीच नव्हती. त्या कारकुनांनी नाटेकरांचं मनगट पाहिलं, पाय पाहिलेच नाहीत. दोष त्यांचा नाही. आपण सगळे फुलाकडे बघतो. फूल इकडे गेलं की मान इकडे, तिकडे गेलं की तिकडे. अख्खा सामना बघून उठतो आणि मान सोडून दुसऱ्या कशालाही व्यायाम झालेला नसतो.

मग मी एक प्रयोग सुरू केला. मास्तर माणूस, गृहपाठाशिवाय चैन पडत नाही. टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि एक पूर्ण गेम एकाच खेळाडूकडे बघायचं. फूल दिसलं नाही तरी चालेल. पहिले चार-पाच दिवस हे जमत नाही. डोळे पळतात. (सातवीच्या मुलांना 'पाठ वाचताना फक्त क्रियापदं शोधा' म्हटलं की त्यांचं व्हायचं तसं.) पण जमायला लागलं की सामना वेगळाच दिसतो. मारण्यापेक्षा थांबणं जास्त असतं त्यात.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोला सिंधू आणि ओकुहाराचा जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला, तो मी असा बघितला. गणपतीचे दिवस होते, बाहेर आमचा पाऊस. इथला पाऊस ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं! घराला गवताच्या ताट्या लावून आत बसायचं आणि आत बसूनही भिजल्यासारखं वाटायचं. सामना एकशे दहा मिनिटं चालला. दुसऱ्या गेमचा शेवटचा गुण ७३ फटक्यांचा होता. तो सिंधूने जिंकला आणि गेम २२-२०. तिसऱ्या गेममध्ये निकराची वेळ आली आणि आमची वीज गेली. निकाल मुलीने फोन करून सांगितला, सिंधू हरली म्हणून. तिसरा गेमही २२-२०. अंधारात मेणबत्तीसमोर बसून मी आठवू लागलो, काय काय पाहिलं. नवल म्हणजे एकही फटका मला नीट आठवेना. पण ओकुहारा कुठे उभी राहायची ते डोळ्यांसमोर लख्ख होतं. लहानखुरी बाई. सिंधूचा हात तिच्यापेक्षा कितीतरी लांब. तरी ती पोचायची, कारण ती लवकर निघायची.

दुसऱ्या दिवशी हॉलवर मी ती टाचांची उडी घेऊन खेळलो. जिंकलो का? नाही. पण मागच्या कोपऱ्यातली दोन फुलं, जी मी एरवी हात जोडून सोडून देतो, ती उचलली. सहासष्टाव्या वर्षी. माझ्या वयात एवढी सुधारणा म्हणजे बोर्डात आल्यासारखं.

आता दुसरी बाजू. बघून जेवढं शिकलो त्याच्या दुप्पट मी बघून बिघडलो आहे.

तै त्झू-यिंग नावाची तैवानची खेळाडू. तोक्योला रौप्यपदक मिळालं तिला. ती हात पुढे नेते एका दिशेला आणि फूल जातं भलतीकडेच. ते बघून मला उमाळा आला. एक आठवडा मी तसं करायचा प्रयत्न केला. फूल भलतीकडे जायचं हे खरं, पण ते मलाही आधी माहीत नसायचं. आठवड्याच्या शेवटी कोपर धरून बसलो आणि सौ.नी पुढचे पंधरा दिवस निर्गुडीचा शेक दिला.

२०२२ च्या मे महिन्यात आपण थॉमस कप जिंकला, बँकॉकला, इंडोनेशियाला ३-० हरवून. सात्त्विक आणि मुंबईचा चिराग शेट्टी ही जोडी कशी पुढे-मागे, मागे-पुढे फिरते ते बघून आम्हा म्हाताऱ्यांना स्फुरण चढलं. आम्ही वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी उभे राहून खेळतो, मधे एक अदृश्य बांध, तुझी बाजू तुझी आणि माझी माझी. ठरलं, आपणही फिरायचं. माझे जोडीदार पोस्टातून निवृत्त झालेले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. तिसऱ्याच फुलाला मी पुढून मागे निघालो आणि ते मागून पुढे. त्यांचा चष्मा फुटला, माझं कपाळ. दोघेही एकमेकांना "अहो, तुम्ही!" म्हणून ओरडत होतो. आता पुन्हा बांध घातला आहे.

शिवाय एक गोष्ट टीव्हीवर दिसतच नाही, ती म्हणजे हवा. त्यांचं ते बंदिस्त सभागृह, आणि आमचं गाव साडेचार हजार फुटांवर. उंचीवर हवा विरळ, फूल जास्त पळतं. थंडीत हवा दाटते, फूल मंदावतं. म्हणून तर पिसांच्या फुलांच्या डब्यावर वेगाचे आकडे असतात, ७५, ७६, ७७ असे, थंड जागेला वेगवान फूल आणि उष्ण किंवा उंच जागेला संथ. आमचं गाव उंचही आणि थंडही, म्हणजे दोन्ही नियम एकमेकांचे कान धरून उभे. एप्रिलमध्ये मागच्या रेषेवर पडणारा तोच टोला डिसेंबरात अलीकडेच पडतो. त्यातून आम्ही खेळतो नायलॉनच्या फुलाने, कारण सोळा पिसांचं फूल आमच्या पेन्शनीत दोन दिवसांत मरतं. पिसांचं फूल जाळीवरून कोलांट्या खात उतरतं तसं नायलॉनचं माझ्या हातून तरी कधी उतरलेलं नाही. म्हणजे फूल वेगळं, हवा वेगळी, गुडघे तर वेगळेच. मग जसंच्या तसं उचलायचं काय?

भांडण झालं त्या दिवशी दुपारी नातवाने मोबाइलवर काहीतरी शोधून माझ्यापुढे धरलं. अॅबरनेथी आणि रसेल नावाच्या दोघांनी १९८७ साली बॅडमिंटनवरच केलेला अभ्यास. खेळाडूंना फटक्यांच्या फिती दाखवायच्या, पण मधेच तोडायच्या, आणि विचारायचं, सांगा, फूल कुठे पडेल? नवशिके रॅकेटकडे बघून सांगतात. तयार खेळाडू रॅकेटच्याही आधी हात बघतात, म्हणून त्यांना लवकर कळतं. "बघा आबा, बघणं हा खेळाचा भाग आहे!"

मी हे मुलीला फोनवर सांगितलं. ती आई ना त्याची! तिने रात्री दुसरंच पाठवलं. शिकागो विद्यापीठातले कार्डास आणि ओब्रायन, साल २०१८. त्यांनी काही लोकांना एकच कसब पुन्हा पुन्हा बघायला लावलं. बाण फेकणं, मायकेल जॅक्सनसारखं मागे सरकत चालणं, असलं काहीतरी. ज्यांनी खूपदा बघितलं त्यांची खात्री वाढली की आपल्याला हे आता चांगलं जमणार. प्रत्यक्ष करायला लावलं तर एकदाच बघणाऱ्यांपेक्षा तसूभरही चांगलं जमलं नाही.

रात्री जेवताना दोन्ही कागद (म्हणजे मोबाइल) ताटाच्या दोन बाजूंना. सौ. म्हणाल्या, "भाकरी गार होतेय."

मला मात्र दोन्ही खरे वाटले. मास्तर म्हणून तर फारच. फळ्यावरचं माझं अक्षर मुलं वर्षभर बघायची. तेवढ्याने कुणाचंही अक्षर सुधारलं नाही. अक्षर गिरवावं लागतं. बोटांना वळण हे बोटांनीच लागतं, डोळ्यांनी नाही. पण फळ्यावर कुठला शब्द कुठे तोडायचा, समास किती सोडायचा, हे मात्र पुष्कळ मुलं नुसतं बघून शिकली, मी कधी सांगितलं नसताना. खेळाचंही असंच आहे असं मला वाटतं. हाताचं काम बघून येत नाही. उभं कुठे राहायचं, वाट कशी बघायची, समोरच्याच्या मनात काय आहे हे त्याच्या खांद्यावरून कसं ओळखायचं, हे बघून येतं, आणि कदाचित बघूनच येतं. अट एवढीच की अख्खं बघायला हवं. नातू जे दोन तास बघतो ते निवडक तुकडे असतात. पाच मिनिटांत चाळीस स्मॅश. त्यात वाट बघणं कापून टाकलेलं असतं. म्हणजे जे बघून शिकता येतं तेच नेमकं काढून, जे बघून शिकता येत नाही तेवढं दाखवायचं. मग खात्री वाढेल नाही तर काय!

आता ती मुलगी.

१९८३ साल. त्याच्या आदल्या वर्षी दिल्लीचं एशियाड झालं होतं. गावात एकाकडे नवा रंगीत टीव्ही होता, त्याच्या ओसरीवर बसून आम्ही ते पाहिलं. सय्यद मोदीला एकेरीत कांस्यपदक मिळालं. त्या उत्साहात आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून शाळेत तीन लाकडी रॅकेटी आणल्या. त्या प्रेसमध्ये आवळून ठेवायच्या, नाहीतर आमच्या दमट हवेत पापडासारख्या वाकतात. किल्ली माझ्याकडे. आवारात दोन जांभळीच्या मधे जाळी बांधली. मी खेळायचो आणि माझ्याबरोबर आळीपाळीने मोठी मुलं. मुलगे.

नववीतली एक मुलगी जाळीच्या बाजूला उभी असायची. वडील वेण्णा लेकवर घोडे फिरवायचे. फूल करवंदीच्या जाळीत गेलं की ती काढून आणायची, हाताला ओरखडे घेऊन. कुणी तिला सांगितलं नव्हतं. थंडीभर ती उभी होती. मी एक-दोनदा हटकलंही, "घरी काम नाही का गं?" तर म्हणायची, "आहे सर," आणि उभीच.

मार्चमध्ये एक दिवस चौथा गडी आला नाही. मी थट्टेत तिच्या हातात रॅकेट दिली. तिने ती लाटण्यासारखी दोन्ही मुठींत धरली. पोरं हसली. मीही हसलो. मग खेळ सुरू झाला, आणि मला तिच्या मागे फूल टाकता येईना. मी जिथे टाकावं तिथे ती आधीच. मारणं अगदीच वेडंवाकडं, निम्मी फुलं जाळीत, पण हजर मात्र प्रत्येक ठिकाणी. मी लांब सर्व्हिस केली तर ती मागे सरकलेली, जवळ टाकली तर पुढे आलेली. मला वाटलं योगायोग. दहा-पंधरा योगायोग झाल्यावर मी खेळ थांबवला. ऊन झालं असं कारण सांगितलं.

जाताना तिने विचारलं, "सर, साताऱ्याच्या स्पर्धेला मी येऊ का?"

मी म्हणालो, "अगं, बघून बघून खेळ येतो का? आधी हात तयार व्हायला हवा."

बोललो ते चूक नव्हतं. तिचा हात तयार नव्हताच. पण हात तयार व्हायला रॅकेट लागते आणि रॅकेटच्या पेटीची किल्ली माझ्या खिशात होती. ती मी तिला दिली नाही. तसं कुणी मला मना केलं नव्हतं, शाळेचा तसा नियमही नव्हता. माझ्याच डोक्यात आलं नाही. मुलग्यांपैकी जे साताऱ्याला गेले ते पहिल्याच फेरीत हरून उसाचा रस पिऊन परत आले. ती पुढच्या वर्षीही काही दिवस उभी राहिली, मग दिसेनाशी झाली. दहावीनंतर तिचं लग्न झालं.

गेल्या वर्षी बाजारात एका बाईने वाकून नमस्कार केला. भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीचं शेत आहे, मुलगा बघतो, सून बघते, नातवंडं आहेत. नाव सांगितल्यावर मी ओळखलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती हसू दाबत म्हणाली, "सर, एक विचारू? रागावणार नाही ना? सर्व्हिस करताना तुम्ही अजून जीभ बाहेर काढता का?"

मला कळेना. ती म्हणाली, "लांब मारायची असली की तुमची जीभ बाहेर यायची, डाव्या कोपऱ्यातून. जवळ टाकायची असली की तोंड मिटलेलं. एवढं बघितलं की कळायचं ना!"

बाजारात उभा राहून मी मोठ्याने हसलो. तीही हसली. कुठल्या विद्यापीठाचा अभ्यास आणि कुठल्या फिती, हिने १९८३ साली करवंदीच्या जाळीजवळ उभं राहून मला वाचून काढलं होतं, आणि पन्नास वर्षांत माझ्या एकाही जोडीदाराच्या ते लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तू तेव्हा सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही बंद केलं असतं की."

मग पिशवी उचलता उचलता ती म्हणाली, "सगळं कळायचं सर लांबून. फक्त ती धरायची कशी तेवढं काही कळलं नाही."

यावर मला काही बोलता आलं नाही. मी स्ट्रॉबेरीचा भाव विचारला. तिने पैसे घेतले नाहीत.

हे सगळं मी त्या रात्री नातवाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "ती किल्ली आता कुठे आहे?" मी काय सांगणार! शाळेत नवं कपाट आलं त्यालाही वीस वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूट घालत होतो तर तो कानटोपी घालून दारात उभा. हॉलवर बाकावर बसला, खेळला नाही, मोबाइल खिशात. मी मुद्दाम काही बोललो नाही. मी आणि पोस्टमास्तर एका बाजूला, समोर आमचे नेहमीचे दोघे. पहिलीच सर्व्हिस माझी. लांब मारायची ठरवली, मनगट सैल सोडलं, फूल बोटात धरलं.

"आबा," बाकावरून आवाज आला, "जीभ!"